उन्हात ठेवलेले सेल

आमच्या घरात बॅटरी म्हणजे टॉर्च आणि तिच्या पोटात असतात ते सेल. आजीच्या बोलण्यात यात कधी गल्लत झाली नाही. उजेड पिवळट पडला की ती बॅटरीचं बूड फिरवून सेल बाहेर काढायची आणि गच्चीच्या कठड्यावर, वाळत घातलेल्या कुरडयांच्या शेजारी, उन्हात मांडून ठेवायची. संध्याकाळी सेल पुन्हा आत जायचे आणि आणखी दोन-तीन रात्री निभावून न्यायचे. शेजारचे एक गृहस्थ तर सेल दाढेखाली धरून चेपायचे. आतला मसाला हलला की करंट येतो, असं त्यांचं म्हणणं.

गंमत अशी की आजीचं खरं होतं. त्या जस्त-कार्बनच्या सेलमध्ये ओलसर मसाल्यातली रासायनिक ये-जा मंदावत जाते. ऊब मिळाली की ती थोडा वेग घेते, शिवाय दिवसभर विश्रांती मिळाल्यानं व्होल्टेजही किंचित सावरतं. मेलेला सेल उन्हानं जिवंत होत नाही, पण शेवटचे दोन घोट पिळून निघतात.

हे सगळं आठवायचं कारण आमचे पेपरवाले मामा. जुलैतली गोष्ट. दोन दिवसांच्या संततधारेनंतर ऊन पडलं होतं आणि सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक काळी, लांबट पेटी उताणी ठेवलेली होती. मामा शेजारी बसून पेपरांत पुरवण्या घालत होते.

“हे काय मामा?”

“बॅटरी. काल भिजली सायकल. सुरूच होईना. म्हटलं जरा ऊन देऊ, उठेल.”

मामा साठीला टेकलेत. पहाटे साडेचारला गठ्ठे घेतात आणि पुण्यातल्या सहकारनगरच्या चढाच्या गल्ल्या करतात. गुडघे बोलायला लागले तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, त्यांनी आपल्या चोवीस इंची फ्रेमच्या काळ्या सायकलीला मोटारीचा किट बसवून घेतला. त्या पेटीत लिथियमचे चाळीस सेल होते. दुपारी बारापर्यंत ती तिथेच राहिली असती तर काळं कवच तव्यासारखं तापलं असतं. मी ती उचलून सावलीत ठेवली, तर मामांना ते फारसं आवडलं नाही. “साहेब, सेलला ऊन लागतंच,” ते म्हणाले. मला एकदम आजी दिसली.

मग बोलता बोलता मामांचं सगळं बॅटरीशास्त्र बाहेर आलं. नवीन आणली तेव्हा पहिल्या दिवशी बारा तास लावून ठेवली होती. पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावत नाहीत, नाहीतर तिला ‘सवय लागते’. दिवसातून दोनदा लावत नाहीत, कारण प्रत्येक वेळी लावली की एक आयुष्य कमी होतं. आणि फेरी नसेल तेव्हा, गावाला गेले तर, फुल्ल करून ठेवतात. फुल्ल असली की खराब होत नाही.

यातली एकही गोष्ट मामांनी मनानं रचलेली नाही. प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या बॅटरीबाबत खरी होती. फक्त ती बॅटरी ही नव्हे.

सवय लागण्याची गोष्ट निकेल-कॅडमियमची. जुने कॉर्डलेस फोन, दाढीची यंत्रं, सुरुवातीचे विटेसारखे मोबाइल यांत ते सेल असायचे. अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरले की त्यांची धारणक्षमता आखडल्यासारखी व्हायची, म्हणून अधूनमधून तळाला न्यायचे. पहिल्यांदा दीर्घ चार्जिंगचा सल्लाही त्याच घराण्यातला. मोबाइलच्या दुकानदारानं ‘पहिले आठ तास लावून ठेवा’ म्हटलं नाही असा माणूस माझ्या पिढीत सापडणार नाही. बॅटरी बदलली, सल्ला तसाच राहिला.

फुल्ल करून ठेवण्याची गोष्ट शिशाच्या बॅटरीची, म्हणजे इन्व्हर्टर आणि गाड्यांतली, जिला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं ती. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पत्र्यांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग ती भरतच नाही. म्हणून ती कायम भरलेली बरी. आपल्याकडे लोडशेडिंगच्या वर्षांनी हे ज्ञान घराघरांत पोचवलं. पहिल्यावहिल्या स्वस्त इलेक्ट्रिक सायकलींतही बारा व्होल्टच्या तीन शिशाच्या बॅटऱ्या असायच्या. दहा-बारा किलोंचं ते ओझं कॅरिअरखाली लटकलेलं असायचं, तेव्हा हा सल्ला लागूही होता.

लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचा स्वभाव अगदी निराळा. तिला सवय-बिवय लागत नाही. तळाला नेलेलं तिला सोसत नाही आणि काठोकाठ भरून उन्हाळ्यात ठेवून दिलेलंही नाही. गावाला जायचं असेल तर निम्म्याच्या आसपास ठेवून, सावलीत, थंडाव्याला ठेवावी. दिवसातून दोनदा थोडं थोडं भरलं तर तिची उलट सोयच होते. तिचं ‘एक आयुष्य’, म्हणजे ज्याला सायकल म्हणतात ते चक्र, प्लग किती वेळा लावला यावर मोजत नाहीत. दोनदा निम्मी भरली की मिळून एक चक्र.

आणि ऊन! नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी केलेली इलेक्ट्रिक सायकल रोज थोडी थोडी म्हातारी होत असते, न चालवताही. उष्णतेनं आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात. आजीचा सेल ज्या कारणानं जागा व्हायचा, नेमक्या त्याच कारणानं हा सेल झिजतो. फिरून आल्यावर पॅक हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास थांबून मग चार्जर लावावा. थंडीचंही वेगळं आहे. जर्मनीत असलेला माझा भाचा बॅटरी काढून घरात आणतो आणि मगच लावतो, कारण शून्याखाली चार्ज केलं तर सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर साचायला लागतो. आपल्याला ती चिंता नाही.

हे सगळं मी आता शहाण्यासारखं सांगतोय. पण माझं शहाणपण एका चार्जरनं शिकवलेलं आहे.

कॉलेजातली माझी गिअरची सायकल माळ्यावरून काढून मीही किट बसवला होता. छत्तीस व्होल्टचा. वर्षभरानं चार्जर गेला. तपकीर गल्लीत हिंडून एका दुकानातून दुसरा घेतला. पेटीवर ‘३६ व्होल्ट’ छापलेलं, पिन तीच गोल, दोन अँपिअर. दुकानदार म्हणाला, “डोळे झाकून लावा.” मी तसाच लावला आणि जेवायला बसलो. तासा-दोन तासांनी पाहिलं तर चार्जरवरचा दिवा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा, पुन्हा लाल. गणपतीच्या आराशीसारखं चाललेलं. मला वाटलं दिवाच खराब आहे. रात्रभर तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतल्या माझ्या मेकॅनिककडे चार्जर नेला. डिप्लोमा केलेला पोरगा आहे, तिशीचा. वडिलांचं सायकलचं दुकान, त्याच्या एका कोपऱ्यात याचं टेबल. त्यानं मीटरची टोकं चार्जरच्या पिनेत घातली आणि आकडा माझ्याकडे वळवला. ४३.८.

“सर, हा फॉस्फेटचा चार्जर आहे. तुमचा पॅक बेचाळीसचा.”

तिथे मला कळलं की छत्तीस व्होल्ट हे नुसतं आडनाव आहे. त्या आडनावाची दोन घराणी आहेत. माझ्या पॅकमध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल, प्रत्येक पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, एकामागोमाग एक दहा जोडलेले, म्हणजे ४२. दुसरं घराणं लिथियम आयर्न फॉस्फेटचं. त्यांचा सेल ३.६५ ला भरतो, म्हणून छत्तीसच्या पॅकमध्ये ते बारा जोडतात, म्हणजे ४३.८. हा चार्जर माझ्या पॅकला लावला की प्रत्येक सेलला ४.३८ पर्यंत रेटायला बघणार. व्होल्टमधली ही चिमूटभर वाढ म्हणजे सेलच्या दृष्टीनं धोक्याच्या रेषेपलीकडची गोष्ट.

मग घर का जळलं नाही? पॅकच्या आत एक बोटभर लांबीचा हिरवा बोर्ड असतो, बीएमएस. तो प्रत्येक ओळीचं व्होल्टेज बघत बसलेला असतो. एखादी ओळ सव्वाचारच्या आसपास गेली की तो दार बंद करतो, चार्जरला वाटतं झालं, दिवा हिरवा. सेल जरा निवले की तो दार उघडतो, दिवा लाल. रात्रभर तो बोर्ड माझ्या चुकीला बाहेर ढकलत होता आणि मी आत घोरत होतो. स्वस्त पॅकमध्ये हा बोर्ड तकलादू असतो, आणि काही पॅकमध्ये नसतोच.

* * *

मामांची बॅटरी मी त्याच पोराकडे नेली. मामा सोबत होते. त्यानं चार स्क्रू काढले, कवच उघडलं, निळं प्लॅस्टिकचं वेष्टन ब्लेडनं चिरलं. खाली बारली पेपरचे खाकी तुकडे, त्याखाली निकेलच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांना डाग देऊन जोडलेले सेल. चार-चारच्या दहा ओळी. प्रत्येक सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून त्याचं नाव १८६५०. लॅपटॉपमध्ये असायचे तेच. चार्जिंगच्या भोकातून पाणी शिरलं होतं, आणि बीएमएसच्या एका कडेला हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखी झाली होती.

त्यानं एकेका ओळीला मीटर लावायला सुरुवात केली. ३.६१. ३.६०. ३.६१. मामा ओणवे होऊन बघत होते, आकडा बदलला नाही की मान डोलवत होते. सातव्या ओळीला २.१.

“ही झोपलीय,” पोरगा म्हणाला.

“चार्ज दिला तर उठेल ना?”

“उठेल मामा. पण नंतर तुम्हाला झोपू देणार नाही.”

विनोद बरा होता, पण मुद्दा गंभीर आहे. लिथियमचा सेल अडीच व्होल्टच्या बराच खाली पडून राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळायला लागतो. मग भरताना तेच तांबं नको तिथे जाऊन बसतं आणि कधीतरी आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बाजारात अशा पॅकना थेट चार्जर टेकवून ‘जागं’ करून देणारे आहेत, ग्राहकही खूश होऊन जातो. या पोरानं ती ओळ काढली. नवेकोरे सेल घातले नाहीत. नवा बैल आणि जुना बैल एका जुवाला जुंपले की गाडी एकीकडे ओढते, म्हणाला. साधारण त्याच वयाचे, यंत्रावर क्षमता मोजलेले चार सेल शोधून तिथे बसवले आणि बोर्ड बदलला. चाळीसपैकी छत्तीस सेल धडधाकट होते. ‘बॅटरी मेली’ म्हणून भंगारात जाणाऱ्या कितीतरी पॅकची गोष्ट एवढीच असते, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या टेबलाखाली वापरून संपलेल्या सेलचं एक पोतं आहे. बॅटरी कचऱ्याचे केंद्राचे नियम २०२२ मध्ये आले, जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली. पण पोतं अजून टेबलाखालीच आहे.

मग त्यानं खणातून एक सोनेरी-लाल वेष्टनाचा सेल काढून माझ्या हातात दिला. वर छापलेलं: ९८०० मिलिअँपिअर-तास. “वजन सांगा बरं.” हलका लागला. सोनार वापरतात तसल्या छोट्या काट्यावर त्यानं तो ठेवला, मग शेजारी चांगल्या कंपनीचा ठेवला. अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. हा त्याच्या बराच खाली. या आकाराच्या डब्यात जगातले उत्तमोत्तम कारखानेसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता कोंबू शकले आहेत. नऊ हजार आठशे हा आकडा छापखान्यात तयार झालेला. पॅकवर ‘२० अँपिअर-तास’ लिहिलेलं स्वस्तात मिळालं म्हणून कोणी फुशारकी मारायला लागलं की हा पोरगा पॅक हातात घेऊन फक्त झेलल्यासारखा करतो.

* * *

आकड्यांचा विषय निघाला आहे तर तो इथेच उरकतो. अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी छत्तीसपेक्षा जास्त चालते, ही समजूत फार पसरलेली. व्होल्ट म्हणजे टाकीतल्या पाण्याचा दाब, टाकी केवढी ते त्यातून कळत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की वॉट-तास मिळतात, तेवढं एकच माप विचारावं. मामांची पेटी ३६ गुणिले १०, म्हणजे ३६० वॉट-तास.

हे किती, याचा अंदाज यावा म्हणून मी एक गणित केलं आणि उत्तरानं मलाच मजा वाटली. माणूस, सायकल, सामान धरून शंभर किलो समजा. ते वजन सरळ शंभर मीटर उचलायला सत्तावीस वॉट-तास लागतात. म्हणजे ३६० वॉट-तासांत, काहीही वाया गेलं नाही तर, शंभर किलो समुद्रसपाटीवरून तेराशेवीस मीटरवर पोचतील. सिंहगडाचा माथा १३१२ मीटरवर आहे. एका पेटीत एक सिंहगड!

पण वाया जातं, आणि भरपूर जातं. मोटारीत, वाऱ्यात, टायरमध्ये, शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंतच्या सिग्नलमागून सिग्नलला थांबून पुन्हा निघण्यात. सपाट रस्त्यावर मनापासून पायडल मारत गेलं तर किलोमीटरला आठ-दहा वॉट-तासांत भागतं. नुसता थ्रॉटल पिळून गेलं तर पंधराच्या आसपास, चढावर आणखी. म्हणजे तीच पेटी एकाला चाळीस किलोमीटर नेते आणि दुसऱ्याला वीस-बावीस. जाहिरातीतला आकडा नेहमी पहिल्याचा असतो. तोही पन्नास किलोचा, पाठीवर वारा घेतलेला.

आता सगळ्यात गोड गैरसमज. पायडल मारलं की बॅटरी भरत असेल ना? हा प्रश्न मला सायकल बघणाऱ्या दर दुसऱ्या माणसानं विचारला आहे. लिफ्टमध्येसुद्धा. ‘वीस मिनिटं पायडल मारा, निम्मी बॅटरी भरा’ असे व्हिडिओही फिरत असतात.

याचं उत्तर आपल्याच तरुणपणात आहे. आठवा तो डायनॅमो, बाटलीच्या आकाराचा, टायरला टेकवायचा. टेकवला की सायकल कशी जड व्हायची, चाकात कुणी हात घातल्यासारखी! तो डायनॅमो सहा व्होल्ट, तीन वॉटचा असायचा. त्यानं मामांची पेटी भरायची तर एकशेवीस तास लागतील. धडधाकट माणूस बराच वेळ पायडल मारत राहिला तर साधारण शंभर वॉट देऊ शकतो. ते सगळेच्या सगळे बॅटरीत गेले, सायकल एक इंचही पुढे गेली नाही, तरी वीस मिनिटांत तेहेतीस वॉट-तास भरतील. निम्म्या पेटीला एकशेऐंशी लागतात. उतारावर ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवता येते, पण त्यासाठी चाकात गिअर नसलेली जड मोटार हवी. तीही हाताला लागते फार थोडी. आपल्याकडच्या बहुतेक किटमधल्या छोट्या मोटारीत एकदिशी क्लच असतो, उतारावर ती सुटून मोकळी फिरते. म्हणून तर बंद बॅटरीची सायकलही हलकी चालते. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत.

* * *

चाकाच्या बुडख्यातच मोटार घालायची ही कल्पना काही परवाची नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसानं १८९५ च्या अखेरीस तिचं पेटंट घेतलं होतं. मागच्या चाकात मोटार, दहा व्होल्टची बॅटरी, शंभर अँपिअरपर्यंत ओढणारी. गाडी अडली ती बॅटरीशीच. पायडल मारणाऱ्याच्या जोरात आपला जोर मिसळणारी सायकल यामाहानं जपानात १९९३ मध्ये विकायला काढली, तोवर जवळजवळ शंभर वर्षं गेली होती.

आपल्याकडे किट तीन वाटांनी आले. पहिली वाट इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्टची. एमवाय १०१६ नावाची डब्यासारखी मोटार, चोवीस व्होल्ट, अडीचशे वॉट, मिनिटाला अडीच हजारांवर फेरे घेणारी. तिला वेल्डिंग करून बाजूला पट्टी ठोकायची, वेगळी चेन लावायची, परीक्षकांसमोर स्टँडवर चाक फिरवून दाखवायचं. रस्त्यावर चेन उतरते आणि आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो, पण या मोटारीनं दोन पिढ्यांच्या पोरांना कंट्रोलर म्हणजे काय ते शिकवलं. दुसरी वाट पायडलच्या जागी बसणाऱ्या मधल्या मोटारीची. तिची ताकद चेनमधून आणि गिअरमधून जाते, म्हणून चढाला ती राणी. चेन-चकत्या मात्र लवकर खाते आणि किंमत सायकलीच्या वर जाते. तिसरी वाट हब मोटारीची, आणि बाजार तिचाच आहे.

हब मोटारीच्या किटचं खोकं उघडलं की फार सोपं वाटतं. चाक, कंट्रोलर, थ्रॉटल, ब्रेकचे दोन लिव्हर, पायडलचा सेन्सर, वायरी. जाहिरात म्हणते तासाभरात बसवा. ती जाहिरात लिहिणाऱ्यानं आपली काळी सायकल पाहिलेली नसावी.

मामांच्याच सायकलीचं बघा. किटचा पायडल सेन्सर म्हणजे लोहचुंबकांची एक बांगडी. ती पायडलच्या दांडीवर सरकवायची असते. काळ्या सायकलीला कॉटर पिन ठोकून बसवलेले क्रँक. ते निघता निघत नाहीत आणि दांडी वेगळ्या मापाची. सेन्सर खोक्यातच राहिला, मामा नुसत्या थ्रॉटलवर चालवतात. पुढची अडचण तारांची. या सायकलींच्या मागच्या रिमला चाळीस भोकं असतात, मोटारीच्या हबला छत्तीस. जुळणार कसं? बसवणाऱ्यानं मग किटसोबत आलेलं सव्वीस इंची तयार चाक मागे घातलं. मूळ चाक अठ्ठावीसचं. चाक बसलं, फिरलं, मामा खूश. पण दांडीच्या ब्रेकचे रबर जुन्या रिमच्या जागी उभे, नवी रिम त्यांच्यापासून तीनेक बोटं आत. थोडक्यात, दोन वर्षं मामा मागच्या ब्रेकशिवाय, मागे पंधरा-वीस किलो पेपर लादून, सहकारनगरचे उतार उतरत होते.

“मागचा ब्रेक लागत नाही हे तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की. पुढचा लागतो ना.”

काळ्या सायकलीचे दांडीचे ब्रेक मुळात पायानं जाणाऱ्या वेगासाठी बनवलेले. पावसात ते थांबवतात कमी आणि विनंती जास्त करतात. किट बसवायचा तर आधी ब्रेक, मग मोटार, हा क्रम आमचा मेकॅनिक पोरगा सगळ्यांना सांगतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ते नंतर बघू.

दुसरी एक गोष्ट दिसत नाही म्हणून राहून जाते. साध्या चाकाचा एक्सल नुसता वजन पेलतो. मोटारीच्या चाकाचा एक्सल फ्रेमला धरून उलटा फिरायला बघतो, कारण मोटार चाकाला जेवढा पीळ देते तेवढाच ती फ्रेमला देते. एक्सलच्या दोन बाजू त्यासाठी चपट्या केलेल्या असतात. तेवढ्याशा चपट्या भागावर जोरात निघताना शेकडो किलोंचा दाब येतो. फ्रेमची खाच फाकली की एक्सल गर्रकन फिरतो, आतून येणारी वायर पिळून तुटते, आणि पुढचं चाक असेल तर ते चिमट्यातून बाहेरच येतं. तो पीळ धरायला टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी मिळते. पोलादी चिमट्याला ती लावून चालतं. ॲल्युमिनियमच्या पुढच्या चिमट्यात मोटार घालायचीच नाही. माझ्या किटमध्ये ती पट्टी आली होती, मी तिला जादा वॉशर समजून डब्यात टाकली होती. पहिल्याच महिन्यात चाकाचा आऊट काढायला गेलो तेव्हा पोरानं खाच दाखवली, एका बाजूनं ओठ मुडपल्यासारखी झालेली.

राहता राहिला कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायकल मोटार वाहन कधी ठरत नाही ते स्पष्ट लिहिलंय: मोटारीची अर्धा तास सलग देता येणारी ताकद पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोंपर्यंत, आणि हे सगळं मान्यताप्राप्त तपासणी संस्थेनं पडताळलेलं. मग लायसन नको, नंबरप्लेट नको. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. पण पेठेत बसवलेला किट काही टेकडी चढत नाही. शिवाय ‘२५० वॉट’ हा स्टिकर सलग चालण्याचा आकडा सांगतो. छत्तीस व्होल्टचा पंधरा अँपिअरचा कंट्रोलर चढावर पाचशे चाळीस वॉट सहज ओढतो. ते चालतंच. खरी गडबड सुरू होते ती हजार वॉटचा किट घालून चाळीसच्या वेगानं जाणाऱ्या ‘सायकली’पासून. ती कायद्यानं सायकल उरत नाही, आणि अपघात झाला की हे पहिल्यांदा विमा कंपनीला आठवतं.

आगीचं भय लोकांच्या मनात आहे, ते अगदीच खोटं नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्याच्या लोहगावात भररस्त्यात धूर ओकत पेटलेली इलेक्ट्रिक स्कूटर सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिली. न्यूयॉर्कमध्ये, जिथे घरपोच जेवण पोचवणारी हजारो पोरं इलेक्ट्रिक सायकलींवर हिंडतात, तिथे २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांच्या आगींत अठरा माणसं गेली. त्याच वर्षी त्या शहरानं प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकायलाच बंदी केली. पण भीतीची जागा चुकते. उभ्या सायकलीला लोक घाबरतात, आणि जिन्याखाली, घरातून बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेवर, उशाशी भलता चार्जर लावून झोपतात. मी तेच केलं होतं. सेल पेटला की तो शेजारच्याला पेटवतो, वाळूची बादली टाकून ती साखळी थांबत नाही, भरपूर पाण्यानं गार करत राहावं लागतं. आणि ते काम अग्निशमन दलाचं, आपण फक्त बाहेर पडायचं. म्हणून वाट मोकळी हवी. पडलेली, चेपलेली, फुगलेली, भलताच वास येणारी बॅटरी घरात आणूच नये.

मामांची बॅटरी आता रोज फेरीनंतर, तासभर निवल्यावर, वॉचमनच्या खोलीबाहेर मोकळ्यावर चार्ज होते. चार्जरवर पोरानं लाल नेलपॉलिशनं ‘४२’ असं लिहून दिलंय. चार्जिंगच्या भोकाला मामांनी आपल्या हातानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून टोपी केली, ती किटच्या मूळ रबरापेक्षा चांगली बसते. मागच्या ब्रेकचं विचारलं तर म्हणाले, दिवाळीनंतर. आत्ता एक दिवसही सायकल दुकानात ठेवता येणार नाही, दिवाळी अंकांचे गठ्ठे यायला लागलेत. मी पोराला फोन केला. तो रात्री आठला दुकान बंद करून आला, पार्किंगमधल्या दिव्याखाली बसून सव्वीसच्या रिमला पोचेल असा कॅलिपर ब्रेक बसवायला लागला. मामा टॉर्च धरून उभे होते.

“साहेब, तुमचाही लेख आहे म्हणे यंदा?”

“आहे.”

“किती पानांचा अंक?” मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी गुणलं. “म्हणजे तीस घरांचे एका खेपेत होणार नाहीत. चढाला ती तापते. दोन खेपा करीन.” टॉर्चचा उजेड पिवळट झाला होता. मामांनी तिला तळहातावर दोनदा आपटलं आणि पुन्हा ब्रेकवर धरली.